प्रमाणित काळीज

माणसाचं काळीज मोठं असावं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. किती मोठं असावं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ते ऑफिसच्या आरोग्य तपासणीत कळलं. साधारण पंधरा सेंटीमीटर असलं म्हणजे पुरे. माझं साडेसतरा निघालं.

मला ओळखणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येईल, कारण मी भित्रा आहे. हे नम्रपणाने नाही, माहिती म्हणून सांगतो. न्हाव्याने कान कापला तरी मी आरशात बघून "छान झालंय" म्हणतो आणि कानावर रुमाल धरून घरी येतो. नोकरीही स्वभावाला धरूनच मिळाली. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी तक्रार विभागात आहे. लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकले की मला फोन करतात आणि मी त्यांची माफी मागतो. लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं वेगळी. माझ्याकडे फक्त माफी. दिवसभर खुर्चीत बसून मी ती मागतो, माफी मागून घसा कोरडा पडला की चहा येतो, आणि चहाबरोबर क्रीमची बिस्किटं येतात. आमच्या कंपनीच्या लिफ्ट फार अडकतात, एवढं सांगितलं म्हणजे बिस्किटांचा अंदाज येईल.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आडवं करून उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. श्वास घ्या म्हणाल्या, मी घेतला. सोडा म्हणाल्या, सोडला. तिसऱ्यांदा घ्यायला लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी सापडलंय.

"यकृत हाताला लागतंय. दुखतं का?"

"नाही."

"तीच तर अडचण आहे. ते बिचारं तक्रार करत नाही."

आयुष्यभर तक्रारी ऐकून घेणाऱ्या माणसाच्या पोटात असा एक अवयव असावा, याचं मला बरं वाटलं.

"दारू?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात. बिस्किटं."

त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग समजावलं. यकृतात चरबी साचली आहे, म्हणून ते फुगलंय. आत्ताच जागे झालात तर ते पुन्हा जागेवर येतं, फार समजूतदार अवयव आहे. रोज भरभर चालायचं, साखर आणि तळलेलं सोडायचं, वजन हळूहळू उतरवायचं. उपाशी राहून एकदम उतरवायचं नाही, त्याने उलट त्रास होतो. रक्त तपासा, सोनोग्राफी करा, तीन महिन्यांनी पुन्हा या. "आणि घरी कोणाला साखर, सुटलेलं पोट, असं काही?"

"वडिलांचं पोट आहे. साखरेचं माहीत नाही. ते तपासू देत नाहीत."

"दमतात का?"

"जिना चढताना इथे हात धरून उभे राहतात," मी माझी उजवी बरगडी दाखवली. "म्हणतात, गॅस आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमची मला काळजी नाही. त्यांना घेऊन या. या गोष्टी घराण्यात चालतात, आणि वयाबरोबर यकृत चरबीवर थांबत नाही, कडक व्हायला लागतं. मग ते परत येत नाही."

मी "बरं" म्हणालो. अडकलेल्या माणसाला "पाचच मिनिटांत येतोय" म्हणतो, त्याच आवाजात.

कारण बाबांना कुठे घेऊन येणं ही घरात कधी न घडलेली गोष्ट होती. बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पायांचा आवाज ऐकून दुकानदार तराजू पुसायला घेत. मापातलं पाप त्यांना लांबून वास येऊन कळे. निवृत्त झाल्यावर आमची इमारत त्यांच्या तावडीत सापडली. गच्चीवर मुलं चेंडू खेळतात आणि गळती होते, एवढ्या कारणावरून त्यांनी एके दिवशी गच्चीला कुलूप घातलं आणि चावी जानव्यासारखी गळ्यात घातली. तेव्हापासून गच्चीवर फक्त बाबा जातात, "पाहणीला." सगळ्या जगाचं वजन तपासून झालेला हा माणूस स्वतः मात्र कधी काट्यावर उभा राहिला नाही. घरातल्या वजनकाट्याकडे ते, ओळख असून न दाखवणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात.

सोनोग्राफी केंद्राने माझा रिपोर्ट दिला. यकृत वाढलेलं, साडेसतरा सेंटीमीटर, चरबी मध्यम, आणि गर्भाशय सामान्य.

मी हे वाक्य पुन्हा वाचलं. मग वर नाव वाचलं. नाव माझंच होतं. लिंगाच्या रकान्यात मात्र 'स्त्री' होतं. खिडकीवरच्या बाईंना मी दाखवलं, तर त्यांनी रिपोर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा रिपोर्टकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दुरुस्तीला अर्ज लागेल. सोबत ओळखपत्र." माझी मिशी ओळखपत्रात होती तशीच समोरही होती, पण प्रत्यक्षाला प्रमाण मानत नाहीत. मी अर्ज केला. अर्जात मी त्यांची माफी मागितली, हे नंतर लक्षात आलं.

दुरुस्ती होईपर्यंत मूळ रिपोर्ट घरी पोचला होता.

बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरून वाचला. "या मशीनवर पडताळणीचा शिक्का आहे का?"

"माहीत नाही, बाबा."

"ज्या मशीनला तुझं गर्भाशय दिसतं, त्या मशीनने यकृत मोजलं. छान." आणि त्यांनी साखर घातलेला चहा ओढला. विषय बंद झाला. माझी त्यांना डॉक्टरकडे नेण्याची सगळी योजना त्या एका छपाईच्या चुकीत बुडाली.

आई मात्र हादरली होती. "यकृत म्हणजे नक्की काय रे?"

"जुन्या भाषेत काळीज, आई."

"अगं बाई. म्हणजे पोराचं काळीज मोठं झालं?"

तिने हे गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या वरच्या काकूंना डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आता ही भाषेची चूक म्हणावी की भाषेची श्रीमंती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण 'त्याचं काळीज मोठं झालंय' हे वाक्य एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत जाताना आजारपण गळून पडलं आणि नुसतं शौर्य उरलं. डोळ्यांतल्या पाण्याचा अर्थ लोकांनी 'आईला किती अभिमान' असा लावला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी भेटले. कधी नाही ते त्यांनी माझा हात हातात घेतला. "ऐकलं मी. काळीज मोठं झालं म्हणे."

"हो ना. साडेसतरा सेंटीमीटर."

"वा. हल्ली सेंटीमीटरमध्ये मोजतात?" त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. "नाहीतर आमच्या वेळी माणूस विहिरीत उडी मारायचा तेव्हा कळायचं."

मला वाटलं ते सांत्वन करताहेत. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, कमी करावं लागेल."

"डॉक्टरांचं ऐकू नकोस. या इमारतीला अशाच माणसाची गरज होती." आणि त्यांनी आवाज उतरवला. "गच्चीची चावी. तुझ्या वडिलांकडून. सगळ्यांच्या वतीने तू मागायचीस."

तोपर्यंत माझ्याकडे सल्ल्यांची रीघ लागली होती. ज्यांना आजाराची बातमी पोचली होती ते उपाय घेऊन येत आणि ज्यांना शौर्याची पोचली होती ते कामं घेऊन येत. काकू दोन्ही बातम्यांच्या उगमाशी राहत असल्यामुळे त्या दोन्ही घेऊन आल्या. एका हातात हिरव्या रसाची बाटली आणि दुसऱ्या हातात त्यांच्या जावयाला उसनं दिलेल्या शिलाई मशीनचा विषय.

"हा रस घे. यकृत धुऊन निघतं. आणि तेवढं जावईबापूंना फोन करून मशीनचं विचार. तुझं आता काळीज आहे."

रसाचं मी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "शरीराची धुणीभांडी यकृतच करतं. त्यालाच धुवायला काढलंत तर बाकीचं कोण करणार? असल्या रसांनी आणि चूर्णांनी यकृत बिघडलेले माझ्याकडे येतात. साधं चाला हो." मी काकूंना हे सांगू शकलो नाही. रस कुंडीत ओतला. कुंडीतलं रोप पिवळं पडलं आणि काकू म्हणाल्या, बघ, तुझा चेहरा किती उजळलाय.

ऑफिसात मी बिस्किटांना नाही म्हणालो. सोपं वाटलं होतं. पण ऑफिसात बिस्किट नाकारणं म्हणजे माणूस राजीनामा देतोय असं समजतात. साहेबांनी बोलावून विचारलं, दुसरीकडे बघतोयस का. मी माफी मागितली आणि बिस्किट न खाता बाहेर आलो. आयुष्यात मी पहिल्यांदाच माफी मागूनही काहीतरी नाकारलं होतं.

आता राहिलं चालणं. पहिल्या दिवशी मी रस्त्याने भरभर चाललो. दुसऱ्या दिवशी रस्ता खणलेला होता. कोणी खणला हे खणणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, आम्ही फक्त खणतो. मग मागच्या गल्लीने निघालो तर तिथे कुत्री होती. त्यांच्यापर्यंत माझ्या काळजाची बातमी पोचलेली नव्हती. तिथे मी जरुरीपेक्षा जास्तच भरभर चाललो आणि एका अनोळखी घरात शिरून तिथल्या आजोबांबरोबर बातम्या बघत बसलो.

म्हणजे चालायला जागा एकच उरली. तिची चावी बाबांच्या गळ्यात होती.

मी रात्रीच्या जेवणात विषय काढला. "बाबा, गच्चीवर चालायला गेलो असतो थोडा."

"गळती होते."

"मी चेंडू खेळणार नाही."

"तुझं वजन किती?"

मी सांगितलं.

"म्हणजे होणारच गळती."

आई भात वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पुढे तिने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "हे हल्ली अर्ध्यावर ताट सरकवतात. पोट भरलं म्हणतात. आणि तरी पट्ट्याचं भोक पुढेच जातंय. मी विचारलं तर म्हणाले, पट्टा आखडलाय." ती भांडं विसळत राहिली. "तू सांगशील का रे त्यांना? माझं नाही ऐकत."

आई कधी काही मागत नाही. सेक्रेटरींना मी टाळू शकत होतो, काकूंच्या जावयाला टाळतच होतो. आईला टाळता येईना.

रविवारी बाबा पाहणीला वर गेले, तसा मी मागोमाग निघालो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले होते. एक हात कठड्यावर, एक बरगडीखाली. मी खालीच थबकलो. त्यांनी श्वास जमवला, चावी काढली, आणि वर गेले. मीही थोडं थांबून गेलो.

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बाबा उपड्या बादलीवर बसले होते. समोर पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटं, क्रीमची. आणि मांडीवर त्यांचा जुना छोटा तराजू.

"बाबा."

निरीक्षक दचकत नाही. "काय आहे?"

"काय करताय?"

"तपासणी. पाकिटावर छापलेलं वजन आणि आतलं वजन यांत तफावत आहे का, बघतोय."

"आहे का?"

त्यांनी अर्धवट रिकाम्या पाकिटाकडे बघितलं. "आता आहे."

"खाल्लीत?"

"तपासलेला नमुना नष्ट करावा लागतो. नियम आहे."

इथे मी खाली निघून यायला हवं होतं. माझा सगळा अनुभव, सगळी नोकरी, सगळी घडण मला तेच सांगत होती. पाय निघालेही होते. पण त्यांच्या शर्टावर बरगडीच्या जागी, जिथे हात सारखा जातो, कापड मळकं झालं होतं. दुसरीकडे शर्ट पांढराशुभ्र होता.

मी टाकीला टेकून खाली बसलो. "बाबा, मला भीती वाटते."

"कशाची?"

"तुमची. ती नेहमीचीच आहे. पण हल्ली तुमच्यासाठीपण वाटते. दोन्ही एकदम झेपत नाहीत."

बाबांनी तराजूचं एक पारडं बोटाने थांबवलं. मग म्हणाले, "तुझ्या त्या मशीनवर माझा विश्वास नाही."

"नका ठेवू. पडताळणी करा ना. काटा बरोबर आहे का हे बघायला तुम्ही त्यावर प्रमाण वजन ठेवायचात. तसं तुमचं काळीज ठेवा. तुमच्यातही गर्भाशय दिसलं की मशीन खोटं."

"माझं काळीज प्रमाण आहे, असं कोणी ठरवलं?"

"घरात आजवर तेच चाललंय."

हे मी बोललो. शब्द तोंडातून निघून गच्चीवर फिरून आले आणि मला ओळखीचे वाटेनात. बाबांनी माझ्याकडे, शिक्का मारायच्या आधी मापाकडे बघायचे, तसं बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं. "शिक्का मात्र बघणार मी."

शिक्का त्यांनी बघितला. सोनोग्राफी केंद्रात ते उपाशीपोटी, इस्त्रीचा शर्ट घालून आणि स्टीलची पट्टी घेऊन गेले. मशीनच्या मागे वाकून त्यांनी कंपनीच्या माणसाने चिकटवलेली तपासणीची चिठ्ठी वाचली, तारीख वाचली, आणि "हं" म्हणाले. खिडकीवरच्या बाईंकडून त्यांनी लिंगाचा रकाना मोठ्याने वाचून घेतला. रांगेतल्या लोकांनी माना वळवून खात्री केली. मग आत आडवे झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना श्वास रोखून धरायला लावलेल्या माणसाला कोणीतरी सांगितलं, "श्वास रोखून धरा." त्यांनी धरला. सोडा म्हणेपर्यंत सोडला नाही, आणि सोडा म्हणायला मशीनवरची मुलगी जरा विसरली, तर लालबुंद होऊन पडून राहिले, पण नियम मोडला नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाबांचं एकोणीस निघालं होतं. साखरही वाढलेली. बाईंनी पुन्हा दाबून बघितलं, यकृत कडक झालंय का ते बघायची आणखी एक तपासणी करायला लावली, आणि तिचा निकाल आला तेव्हा पहिल्यांदा हसल्या. "अजून मऊ आहे. कडक व्हायच्या वाटेला लागणार होतं, पण निघालेलं नव्हतं. वेळेवर आलात. कोणी आणलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं नाही. नुसती हनुवटी माझ्या दिशेने किंचित हलवली. आमच्या घरात त्याला मिठी म्हणतात.

परत येताना ते इमारतीच्या दाराशी थांबले. म्हणाले, "मशीन बरोबर आहे."

आणि गळ्यातली चावी काढून माझ्या हातात दिली. कोमट होती.

मग गच्ची उघडली. रोज सकाळी बाबा पुढे आणि मी मागे असे आम्ही टाकीभोवती फेऱ्या मारू लागलो. कोणाचं पाऊल आखूड पडतंय यावर त्यांचं लक्ष असे. दोन दिवसांत काकू आल्या, चौथ्या दिवशी सेक्रेटरी आले, पुढे आईही आली. आई बाबांच्या पुढे निघून गेली तेव्हा बाबा म्हणाले की हिच्या चपलांच्या मापात काहीतरी गडबड आहे. बिस्किटांचा डबा वरच राहिला, पण त्यात आता काकूंच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी असते. मशीन परत आलं. जावईबापूंना मी फोन केला आणि त्यांची माफी मागितली, पण मशीन मागून झाल्यावर. साखर सोडल्याने बाबा सुरुवातीला इतके चिडखोर झाले की फरक कळायला आम्हाला वेळ लागला. मधे एकदा ते वजनकाट्यावर उभे राहिले. आकडा बघून खाली उतरले, काटा उलटा करून बघितला, पुन्हा उभे राहिले. आकडा तोच होता. पण डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत लिहिलेल्यापेक्षा कमी होता.

पुढच्या तपासणीत माझं काळीज जवळजवळ जागेवर आलं. बाबांचं एकोणिसावरून सतरावर. अजून लांब आहे, पण दिशा बरोबर आहे. बाबांनी रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पुढची पडताळणी कधी?"

आईने आनंदाने गॅलरीतून काकूंना सांगितलं, "दोघांचीही काळजं लहान झाली हो."

संध्याकाळी सेक्रेटरी गच्चीवर मला बाजूला घेऊन गेले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "कळलं मला. वाईट वाटलं. असू दे रे, होतं असं कधीकधी. आता त्या रस्ता खणणाऱ्यांकडे तुलाच पाठवायचं म्हणत होतो. पण आता दुसरं कोणी बघावं लागेल."

मी माफी मागायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात टाकीला वळसा घालून बाबा आले. थांबले नाहीत, चालता चालताच म्हणाले,

"यालाच पाठवा. मी तपासलंय. भरतंय बरोबर."